दमाची घडण

धावणे ही शिकावी लागणारी विद्या आहे, असे आपल्या समाजास सहसा वाटत नाही. कुस्तीस वस्ताद लागतो, मल्लखांबास लागतो, पोहण्यासही कमरेस दोर बांधून विहिरीत लोटणारा कोणी वडीलधारा लागतो. पण धावण्यास पाय असले आणि मागे काही लागले की पुरे, अशी आपली समजूत. लांब पल्ल्याच्या धावण्याविषयी तर ती अधिकच दृढ आहे. एखादा गुराख्याचा पोर दहा कोस न थांबता गेला की आपण म्हणतो, 'पोर मूळचाच काटक!' या 'मूळचाच' शब्दात कौतुक आहे खरे; पण त्याच शब्दात आपली सुटकाही दडलेली आहे. जो मूळचाच काटक, त्यास शिकवावयाचे काय, पोटभर खाऊ घालावयाचे कशास, आणि विश्रांती तरी का द्यावयाची? गेल्या दोनशे वर्षांत लांब धावणाऱ्यांनी आपले शरीर व मन कसे घडविले याचा इतिहास पाहिला म्हणजे या समजुतीचा फोलपणा ध्यानात येतो. त्या इतिहासातील एक पान आपल्या पुण्याचे आहे. ते इतर पानांच्या जोडीने वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

लांब धावणे हे मुळात चाकरीचे काम होते. आपल्याकडील जासूद, काशीद आणि हरकारे यांचा तो व्यवसायच होता. ग्रीसमध्येही असे जासूद होते. इ. स. पूर्वी ४९० मध्ये इराणी सैन्य चालून आले तेव्हा अथेन्सहून निघालेला फिडिपिडीस दुसऱ्या दिवशी स्पार्टास पोहोचला, असे हिरोडोटसने लिहिले आहे. हे अंतर सुमारे दीडशे मैलांचे. मॅरेथॉनच्या रणांगणावरून धावत येऊन विजयाची वार्ता सांगताच गतप्राण झालेल्या वीराची जी कथा सर्वतोमुखी झाली, ती मात्र हिरोडोटसमध्ये नाही. ती पुढील शतकांतील लेखकांची भर आहे. पण जगास सत्यापेक्षा ही कथाच अधिक भावली. मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताने तिच्यावरून मॅरेथॉन शर्यतीची कल्पना काढली आणि १८९६ साली अथेन्स येथील पहिल्या नव्या ऑलिंपिकमध्ये ती शर्यत झाली. या कथेचा एक दुष्परिणाम असा की, लांब धावणे म्हणजे मरणाशी झोंबी, तेथे तयारी कसली, केवळ प्राण पणास लावण्याची छाती पाहिजे, असा भ्रम तिने उत्पन्न केला.

वस्तुतः त्या पहिल्या शर्यतीनेच या भ्रमास उत्तर दिले होते. ग्रीक लोकांनी आपले स्पर्धक निवडण्यासाठी त्या अंतराच्या चाचणी-शर्यती आधीच घेतल्या होत्या. परदेशातून आलेल्यांपैकी काहीजण मध्यम पल्ल्यांचे नामांकित धावपटू होते. ८०० व १५०० मीटरच्या शर्यती जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक हा त्यांत प्रमुख. पण सुमारे चाळीस किलोमीटरचा पल्ला त्यांच्या पायांस अपरिचित होता. ही मंडळी आरंभी वेगाने पुढे गेली आणि एकामागून एक गळाली. फ्लॅक तर शेवटच्या टप्प्यात कोसळला. विजय मिळाला तो पाण्याच्या धंद्यात राबणाऱ्या स्पिरिडॉन लुईस यास, २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत. तो देवाच्या कृपेने जिंकला असे त्याच्या देशबांधवांस वाटले असेल. परंतु चाचणीत तो पल्ला एकदा पुरा केल्याचा अनुभव त्याच्या पदरी होता, हे विसरून चालणार नाही.

तयारी करावी लागते हे मान्य केले, तरी ती कशी करावी हे कळण्यास फार काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात पैजा लावून चालण्या-धावण्याची मोठी चाल होती. त्यांत कॅप्टन बार्क्ले याचे नाव गाजले. १८०९ च्या १ जूनपासून १२ जुलैपर्यंत, एक हजार तासांत प्रत्येक तासास एक मैल याप्रमाणे, न्यूमार्केट येथे त्याने हजार मैल पायांखाली घातले. पैज हजार गिनींची होती. वाचकांस हे सोपे वाटेल. ताशी एक मैल कोण चालणार नाही? पण रात्र असो वा दिवस, कोणताही तास चुकवावयाचा नाही, ही त्यातील मेख होती. एका तासाच्या शेवटी एक मैल आणि लागलीच पुढच्या तासाच्या आरंभी दुसरा, अशी जोडणी करून तो मध्ये दीड तासाची झोप मिळवी. सहा आठवडे हा क्रम चालला आणि त्याचे वजन सुमारे बत्तीस पौंडांनी घटले. ही परीक्षा पायांपेक्षा मनाची अधिक होती.

या बार्क्लेच्या तयारीची पद्धत त्या वेळच्या ग्रंथांत नमूद आहे. प्रथम जुलाब देऊन कोठा साफ करावयाचा; मग फ्लॅनेलचे जाड कपडे घालून चार मैल पळवावयाचे, वर ऊन काढा पाजून परांच्या गादीखाली निजवून घाम काढावयाचा. आहारात अर्धेकच्चे मांस, शिळा पाव आणि जुनी बीअर. भाज्या, दूध, लोणी वर्ज्य. नुसते पाणी पिणे तर जवळजवळ निषिद्धच. जणू शरीर हे एक मळकट भांडे आहे आणि ते घासूनपुसून, आटवून लख्ख केले की काम झाले! या विचित्र पथ्याने फायदा झाला असेल तो कोठ्याच्या शुद्धीमुळे नव्हे, तर त्याबरोबर सांगितलेल्या रोजच्या वीस-चोवीस मैलांच्या चालीमुळे आणि दिनचर्येच्या शिस्तीमुळे. पण पुढच्या पिढ्यांनी शिस्त विसरली आणि पाण्याचे वैर तेवढे जपले.

या वैराचे भयंकर प्रदर्शन १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे झाले. ३० ऑगस्टचा तो रखरखीत दुपारचा समय, रस्ते धुळीचे, स्पर्धकांच्या पुढे-मागे मोटारी धूळ उडवीत चाललेल्या. पाण्यावाचून शरीराचे काय होते हे पाहावे म्हणून मुख्य संयोजक जेम्स सलिव्हन यांनी वाटेत पाण्याची सोय मुद्दाम तुटपुंजी ठेवली. बत्तीस निघाले आणि चौदा पोहोचले. विजयी ठरलेल्या टॉमस हिक्स यास त्याच्या साहाय्यकांनी वाटेत कुचल्याचे सत्त्व आणि ब्रँडी पाजून, भ्रमिष्टावस्थेत, जवळजवळ धरून नेले. त्यास ३ तास २८ मिनिटे ५३ सेकंद लागले. आज हा प्रसंग वाचताना शर्यतीपेक्षा छळाचीच आठवण होते. चार वर्षांनी लंडन येथे इटलीचा डोरांडो पिएत्री वाटेत अवेळी वेग वाढवून पुढे आला खरा, पण क्रीडांगणात शिरताच उलट दिशेस वळला, वारंवार पडला आणि अधिकाऱ्यांनी हात दिल्याने बाद ठरला. जगाने त्याच्यासाठी अश्रू ढाळले. पण अश्रू ढाळणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात आले की तो पडला तो धैर्याच्या अभावी नव्हे, तर आपली शक्ती मापून खर्च करण्याची विद्या त्यास कोणी दिली नव्हती म्हणून.

ही मापून खर्च करण्याची विद्या जगास शिकविली ती फिनलंडच्या पाव्हो नुर्मी याने. त्याचा जन्म १८९७ चा. बारा वर्षांचा असताना वडील वारले. शाळा सोडून निरोप्याचे काम करावे लागले. चढावावरून सामानाच्या गाड्या ढकलाव्या लागल्या. पण या कष्टांस त्याने 'मूळचा काटकपणा' मानले नाही. हाती घड्याळ घेऊन तो धावू लागला. प्रतिस्पर्धी पुढे जावो की मागे राहो, नुर्मी पाहावयाचा तो घड्याळाच्या काट्याकडे, आणि प्रत्येक फेरी ठरलेल्या वेळेत पुरी करावयाचा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० व ५००० मीटरच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने येणार असे त्यास कळले. तेव्हा तो हताश झाला नाही. १९ जून रोजी हेलसिंकी येथे त्याने तोच प्रसंग मुद्दाम रचला आणि तासाभराच्या विश्रांतीने दोन्ही अंतरे धावून दोन्हींत जागतिक उच्चांक केले. तीन आठवड्यांनी, १० जुलैस, पॅरिसमध्ये त्याने दोन्ही सुवर्णपदके मिळविली, तेव्हा प्रेक्षकांस तो चमत्कार वाटला. नुर्मीच्या दृष्टीने ती एका पाठ केलेल्या धड्याची उजळणी होती. मनाची पूर्वतयारी म्हणजे काय, याचे इतके सुबोध उदाहरण दुसरे सांगता येणार नाही: ज्याची भीती वाटते ते आधी एकदा करून पाहावे, म्हणजे ऐन वेळी ते ओळखीचे होते.

आता आपल्या पुण्याचे पान उलटू. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ च्या सुमारास, सर दोराबजी टाटा हे जिमखान्याचे अध्यक्ष असताना तेथील खेळांच्या सामन्यांत लांब पल्ल्याच्या शर्यती झाल्या. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातील होते. शेतात राबणारी, साध्याभाकड अन्नावर जगणारी ही मुले अनवाणी, खडकाळ जमिनीवर धावली. त्यांस ना शर्यतीचे युरोपीय नियम ठाऊक, ना आधुनिक शिक्षणाचा गंध. तरीही त्यांचे वेळ युरोपातील वेळांशी ताडून पाहता टाटांस आश्चर्य वाटले आणि हिंदुस्थानने ऑलिंपिकमध्ये भाग घ्यावा, ही कल्पना त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरांसमोर मांडली. पुढे टाटांनीच ही हकीकत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रात सांगितली आहे. त्यातूनच १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे हिंदी खेळाडूंचा पहिला चमू गेला. टाटांचे औदार्य नसते तर हे घडते ना.

त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन धावले. तो मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे ऑलिंपिकच्या सर्व मॅरेथॉनमध्ये सर्वांत लांब. चौगुले यांनी तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरा केला व त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. त्याच चमूतील कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, हेही येथे नमूद केले पाहिजे. शर्यत जिंकली ती फिनलंडच्या हॅनेस कोलेमायनेन याने, २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत. म्हणजे पहिल्या व एकोणिसाव्या क्रमांकांत अठरा मिनिटांचे, जमिनीवर मोजल्यास सुमारे पावणेतीन मैलांचे अंतर राहिले.

हे पावणेतीन मैल कशाचे होते, हा खरा विचारार्ह प्रश्न आहे. रक्ताचे म्हणावे तर नाही. कारण पुण्याच्या खडकाळ जमिनीवर अनवाणी पायांनी जे करून दाखविले, त्याने रक्ताचा प्रश्न निकालात काढला होता. छातीचे म्हणावे तर नाही. कारण परक्या मुलुखात, परक्या हवेत, परक्या अन्नावर, अफाट अंतर पुरे करणाऱ्या माणसास छातीचे धडे कोण देणार? ते मैल होते वर्षानुवर्षांच्या पद्धतशीर सरावाचे. कोलेमायनेन १९१२ सालीच स्टॉकहोम येथे ५००० व १०००० मीटर जिंकलेला, त्यानंतर अमेरिकेत मॅरेथॉनचा अनुभव घेतलेला कसलेला धावपटू होता. आपल्या माणसांच्या पाठीशी मात्र एक जन्मभराचे कष्ट आणि थोड्या महिन्यांची तयारी होती. कष्ट आणि सराव या दोहोंत फरक आहे. कष्टाने शरीर झिजते. सरावाने, त्यास योग्य अन्न व विश्रांती यांची जोड मिळाल्यास, ते वाढते. शेतकऱ्याचा पोर दिवसभर राबतो म्हणून तो आपोआप धावपटू होत नाही. उलट, इतके राबूनही तो धावू शकतो, ही त्याची थोरवी आहे.

अँटवर्पनंतरच्या काळात या सरावास शास्त्राचे पाठबळ मिळाले. इंग्लंडात नोबेल पारितोषिक मिळविलेले शरीरशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांनी १९२० नंतरच्या दशकात धावणाऱ्या माणसाने किती प्राणवायू घेतला हे मोजले. प्रयोगास धावणारा गडी म्हणून ते स्वतःच उभे राहत. स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर यांनी रानावनातून, चढउतारांवरून, मनाच्या लहरीप्रमाणे वेग कमी-अधिक करीत धावण्याची रीत बसविली. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांच्या साह्याने निराळा मार्ग काढला: थोडे अंतर वेगाने धावून नाडी मिनिटास १८० पर्यंत चढवावयाची, आणि ती १२० वर उतरली की पुन्हा धावावयाचे. या पद्धतीचे मर्म असे की हृदय बळकट होते ते धावण्याइतकेच मधल्या विसाव्यातही. बार्क्लेच्या काळी शरीर हे भांडे होते. आता ते यंत्र झाले.

पण शरीर यंत्र असले तरी ते चालविणारा कोणी आत बसलेला असतो. त्याची ओळख जगास चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक याने करून दिली. १९२२ साली जन्मलेला हा सुताराचा मुलगा झ्लिन येथील बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यात कामास होता. १९४१ साली एका शर्यतीत त्यास जबरीने उभे करण्यात आले. प्रकृतीची सबब त्याने सांगून पाहिली, पण डॉक्टरने तो धडधाकट असल्याचा निर्वाळा दिला; तेव्हा नाइलाजाने धावला आणि दुसरा आला. तेथून त्याची साधना सुरू झाली. त्याचा विचार अगदी साधा होता. हळू धावणे मला येतेच. शिकावयाचे आहे ते वेगाने धावणे. मग रोज हळू का धावू? म्हणून तो चारशे मीटर वेगाने धावे, मग तितक्याच सहज गतीने पुढचे काही अंतर जाई, आणि पुन्हा वेग घेई. एका दिवसात अशा साठ-साठ आणि पुढे तर शंभर फेऱ्या त्याने केल्या. लष्करात असताना जड बूट घालून, बर्फात, रात्री विजेची बत्ती हाती घेऊन तो धावे. रस्त्याकाठच्या झाडांच्या रांगेत श्वास कोंडून चालण्याचा अभ्यास करता करता तो एकदा बेशुद्ध पडला, असेही सांगतात. धावताना त्याची मान एका बाजूस कलंडे, जीभ बाहेर येई, मुद्रा अशी वेडीवाकडी होई की पुढच्या पावलास हा कोसळणार असे पाहणाऱ्यास वाटे. तो कोसळला नाही.

१९४८ साली लंडन येथे त्याने १०००० मीटर जिंकले. १९५२ साली हेलसिंकी येथे २० जुलैस १०००० मीटर, २४ जुलैस ५००० मीटर, आणि २७ जुलैस, पूर्वी कधीही न धावलेली मॅरेथॉन, अशा तीन शर्यती आठ दिवसांत जिंकून त्याने जो विक्रम केला, त्यास आजवर जोड मिळालेली नाही. त्या मॅरेथॉनमधील एक प्रसंग मासलेवाईक आहे. त्या वेळी जगात सर्वोत्तम वेळ नोंदविलेला इंग्लंडचा जिम पीटर्स आरंभीच भरधाव निघाला होता. झाटोपेकने त्यास गाठून, हा वेग ठीक आहे ना, अशी नवख्याप्रमाणे विचारपूस केली. वेग फार कमी आहे, असे पीटर्सने त्यास डिवचण्याकरिता सांगितले. झाटोपेकने ते खरे मानले की काय कोण जाणे, पण तो पुढे निघून गेला. आणि पीटर्सला सुमारे तिसाव्या किलोमीटरपाशी शर्यत सोडावी लागली. दुःख झाटोपेकलाही होतच होते. फरक इतकाच की शेकडो संध्याकाळी त्याने त्या दुःखाशी सोयरीक जोडून ठेवली होती. आयत्या वेळी आलेला तो पाहुणा त्यास अनोळखी नव्हता. पुढे १९६८ साली आपल्या देशातील स्वातंत्र्याच्या चळवळीची बाजू घेतल्याबद्दल त्याचे लष्करी पद गेले आणि वर्षानुवर्षे अंगमेहनतीची कामे करावी लागली. मैदानावर कमावलेले धैर्य मैदानाबाहेरही पुरते की नाही, याची अशी परीक्षा फार थोड्या खेळाडूंस द्यावी लागली असेल.

झाटोपेकनंतर न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड या, योगायोगाने जोड्यांच्याच कारखान्यात काम करणाऱ्या, गृहस्थाने आठवड्यास शंभर मैल धावण्याचा पाया आधी घालावा, मग चढावांवर पाय बळकट करावे आणि शेवटी वेग साधावा, असा क्रम स्वतःच्या शरीरावर पारखून घेतला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये २ सप्टेंबर या एकाच दिवशी त्याच्या शिष्यांनी, पीटर स्नेल व मरे हॅल्बर्ग यांनी, ८०० व ५००० मीटरची सुवर्णपदके मिळविली. त्याच रोममध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला. येथे आपल्या 'मूळचाच काटक' या समजुतीस पुन्हा ऊत आला. डोंगरातला शिपाई, अनवाणी, अशिक्षित, आणि पाहा कसा जिंकला! वस्तुस्थिती अशी की ओन्नी निस्कानेन या स्वीडिश शिक्षकाच्या हाताखाली त्याने कसून तयारी केली होती. दोघांनी मार्गाची पाहणी आधीच केली होती; इटालियनांनी इथिओपियातून लुटून आणलेला अक्सूमचा स्तंभ शेवटच्या टप्प्यावर उभा होता, तेथूनच निकराचा वेग घ्यावयाचा, हेही ठरले होते. आणि चार वर्षांनी टोकियो येथे, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेस सहा आठवडेही झाले नसता, तोच बिकिला पायांत जोडे घालून २ तास १२ मिनिटांत पुन्हा जिंकला. अनवाणी पायांत जादू नव्हती. जादू होती ती तयारीत.

या सर्वांच्या मनाच्या तयारीत एक समान सूत्र दिसते. नुर्मीने अंतराचे घड्याळाच्या फेऱ्यांत तुकडे केले, झाटोपेकने चारशे मीटरांत केले, बिकिलाने रस्त्यावरील खुणांत केले. सबंध पल्ला एकदम मनात आणणारा खचतो. आळंदीहून पंढरीस पायी जाणारी म्हातारी वारकरी बाई पंढरी किती कोस राहिली याचा घोर करीत नाही. तिचे लक्ष आजच्या मुक्कामावर असते. हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. उणीव आहे ती दुसऱ्या अंगाची.

ते दुसरे अंग म्हणजे अन्न, विश्रांती, शिक्षक आणि सातत्य. १९७६ साली माँट्रिऑल येथे बिहारचे शिवनाथसिंग मॅरेथॉनमध्ये अकरावे आले. १९७८ साली जालंधर येथे त्यांनी नोंदविलेला २ तास १२ मिनिटांचा हिंदी उच्चांक पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. एका माणसाची थोरवी म्हणून हे भूषणास्पद आहे. पण चाळीस वर्षांत त्याच्या मागून कोणी येऊ नये, ही देशाच्या व्यवस्थेबद्दल लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. महाराष्ट्रापुरते पाहिले तर अलीकडे आशेस जागा आहे. साताऱ्याच्या माणदेशातील ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचून दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्याच शर्यतीचे रौप्यपदक ८ मिनिटे ११.२० सेकंदांत मिळविले. दोघेही दुष्काळी मुलुखातील. वर्तमानपत्रांनी त्यांच्या लहानपणीच्या पायपिटीचे पुष्कळ वर्णन केले; पण साबळे यांचे खरे कर्तृत्व फुलले ते लष्करात दाखल झाल्यावर, जेथे वेळेवर जेवण, शिक्षक आणि सरावास मोकळा वेळ मिळाला. त्यांच्या गावच्या वाटेवर तितक्याच पायपिटीने शाळेत गेलेली इतर मुले कोठे आहेत, हे मात्र कोणी विचारले नाही.

शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याच्या मैदानावर टाटांनी जे पाहिले, ते पाहून नुसते कौतुक करणे सोपे होते. त्यांनी कौतुकाबरोबर खिशात हात घातला, ही त्यांची विशेषता. तथापि ती सुरुवात होती. एकोणिसावा क्रमांक मिळविणाऱ्या त्या बेळगावकराने आपल्या परीने सर्व काही केले. उरलेले पावणेतीन मैल त्याने एकट्याने धावावयाचे नव्हतेच. ते त्याच्या समाजाने धावावयाचे होते, आणि त्यांपैकी बरेचसे अद्याप धावावयाचे राहिले आहेत.